एकतीस टक्क्यांचा बोर्ड

माणूस हा विवेकी प्राणी आहे. आपल्या कृतीचे परिणाम त्याला स्पष्ट, ठळक आणि वेळेवर सांगितले, तर तो आपलं हित अचूक ओळखतो आणि त्याप्रमाणे वागतो. सार्वजनिक आरोग्याची सगळी इमारत ह्या एका पायावर उभी आहे.

ही तीन वाक्यं माझ्या अहवालाच्या पहिल्या पानावर आहेत. ती लिहिली तेव्हा माझी साखर दोनशे चाळीस होती आणि टेबलाच्या खालच्या खणात क्रीमच्या बिस्किटांचा पुडा होता. पुडा एका फाईलखाली लपवलेला होता. फाईलवर लिहिलं होतं, 'मधुमेह : जनजागृतीचे परिणाम'.

मी अर्थतज्ज्ञ आहे. कांदा उद्या महाग होईल का, असं लोक मला विचारतात. ते मला माहीत नसतं. सरकार एखादा कायदा करतं, कर लावतं, पाटी ठोकतं, आणि त्यानंतर लोक सिगारेटी ओढणं, दारू पिणं, वेड्यासारखी गाडी हाकणं कमी करतात की नाही, हे मी मोजतो. आमच्या संस्थेत असे आम्ही नऊ जण आहोत. एकवीस वर्षांत नऊ जणांनी मिळून कोणाची एक वाईट सवय सोडवलेली नाही, पण प्रत्येक सवयीची आमच्याकडे स्वतंत्र फाईल आहे.

तर, आरोग्य खात्याने इस्पितळाच्या रस्त्यावर एक बोर्ड लावला. खात्याच्या कागदोपत्री तो 'फलक' होता. बारा फूट रुंद, आठ फूट उंच, दोन लोखंडी खांबांवर उभा. त्यावर डावीकडे निरोगी फुफ्फुस आणि उजवीकडे सिगारेट ओढणाऱ्याचं. रंगाऱ्याला बहुधा गुलाबी रंग कमी पडला असावा, कारण निरोगी फुफ्फुसही जरा अंगात कणकण असल्यासारखंच दिसायचं. हा बोर्ड बघून लोक सिगारेट कमी करतात का, ते शोधायचं काम माझ्याकडे आलं.

युक्ती साधी होती. इस्पितळाच्या रस्त्याला समांतर छापखान्याचा रस्ता. तिथे बोर्ड नाही, बाकी सगळं सारखं. हवा तीच, पगार तेच, कटकटी त्याच. दोन्ही रस्त्यांवर सिगारेटचं एकेकच दुकान. बोर्डाच्या आधी आणि नंतर दोन्ही दुकानांत रोज किती सिगारेटी खपतात ते बघायचं. जो फरक उरेल तो बोर्डाचा. आमच्या धंद्यात ह्या युक्तीला लांबलचक नाव आहे, आणि त्या नावावरच निम्म्या लोकांना बढत्या मिळाल्या आहेत.

बोर्ड आमची माणसं नेमायच्या आधीच उभा राहिला, कारण मंजुरीपेक्षा रंग लवकर वाळतो. त्यामुळे आधीचे आकडे घाऊक व्यापाऱ्याच्या पावत्यांवरून घेतले. नंतरच्या तीन महिन्यांसाठी मात्र अकरा प्रगणक ठेवले. प्रगणक म्हणजे वही घेऊन दुकानापाशी उभं राहायचं आणि विकलेल्या प्रत्येक सिगारेटला एक रेघ ओढायची. त्यांच्यासाठी मी स्वतः बावीस नियम लिहिले. त्यातला चौदावा माझा विशेष लाडका होता : 'बोर्डाच्या रस्त्यावर प्रगणकांनी सिगारेट ओढू नये; त्यांना पाहून लोकांच्या वर्तनावर परिणाम होण्याची शक्यता आहे.' इतका बारीक विचार ह्या संस्थेत आजवर कोणी केला नव्हता. हे मी तेव्हा जेवणाच्या सुट्टीत दोनदा बोलूनही दाखवलं होतं.

निकाल आला. बोर्डाच्या रस्त्यावर आधी रोज एकशे पंच्याऐंशी सिगारेटी खपायच्या, नंतरही एकशे पंच्याऐंशीच. छापखान्याच्या रस्त्यावर आधी एकशे साठ, नंतर दोनशे दहा. म्हणजे एकतीस टक्के वाढ. सामान्य माणसाला ह्यात काहीच दिसणार नाही. तज्ज्ञाला लगेच दिसलं. शेजारी सिगारेटी एकतीस टक्क्यांनी वाढत असताना बोर्डाच्या रस्त्यावर त्या जागच्या जागी राहिल्या, म्हणजे बोर्डाने एकतीस टक्के सिगारेटी थोपवल्या! मी ते लिहिलं. खालच्या खणातून दोन बिस्किटं काढून खाल्ली. खात्याच्या सचिवांनी माझा हात इतका वेळ हलवला की घड्याळ निसटून मनगटाच्या वर गेलं.

आठवड्याभरात ताई माझ्या ऑफिसात आली.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. इस्पितळात परिचारिका आहे. मी सत्तावन्न वर्षांचा आहे, माझ्या हाताखाली चार पीएच.डी. झालेली माणसं आहेत, आणि ती मला त्यांच्यादेखत 'छोट्या' म्हणते. तिने माझ्या टेबलावर एक पत्र ठेवलं.

"वाच."

"ताई, आत्ता माझी मीटिंग—"

"मोठ्याने वाच. म्हणजे ह्यांनाही कळू दे."

मी वाचलं. "संदर्भाधीन अहवालानुसार फलकाद्वारे सिगारेटसेवन एकतीस टक्के रोखता येत असल्याचे सिद्ध झाल्याने, सवयमुक्ती केंद्र, खोली क्रमांक सहा, महिनाअखेरीस बंद करण्यात येत असून सदर जागेचा वापर..."

"थांबू नकोस. सदर जागेचा वापर?"

"...नवीन फलक ठेवण्याचे कोठार म्हणून करण्यात येईल."

"संदर्भाधीन अहवाल कोणाचा?"

"ताई, मला काय माहीत होतं, ते केंद्र बंद—"

"नऊ वर्षं बसते मी त्या खोलीत. मंगळवार आणि शुक्रवार. बेचाळीस माणसं येतात. त्या बसड्रायव्हरचा आज एकोणिसावा दिवस आहे. चौथा प्रयत्न त्याचा. आधी तिन्ही वेळा अकराव्या दिवशी घसरला. ह्या वेळी अकराव्या दिवशी मी त्याच्या डेपोत जाऊन तीन तास त्याच्या शेजारी बसले. त्याच्या शिव्या ऐकल्या. तुझा बोर्ड जातो का डेपोत?"

"ताई, आकडा आकडा असतो. माझ्या मनातला नाही तो, मोजलेला आहे."

"मग त्या आकड्याला बसव खोली सहामध्ये," ती म्हणाली. "आणि ड्रायव्हरने रात्री-बेरात्री फोन केला तर आकड्याने उचलायचा."

ती गेल्यावर चारही पीएच.डी. आपापल्या पडद्यांकडे फार एकाग्रतेने बघू लागले.

मला राग आला होता. बहिणीला अर्थशास्त्र कळत नाही हे एकवेळ चालेल, पण चारचौघांत कळत नाही हे चालणार नाही. तिला आकडा पटवून द्यायचाच म्हणून मी दुसऱ्या दिवशी छापखान्याच्या रस्त्यावर गेलो. दुकान खिडकीएवढं. आत दुकानदार, बाहेर एक पाय तुटलेलं बाक. मी ओळख सांगितली, तसा तो खिडकीतून अर्धा बाहेर आला.

"बरं झालं आलात साहेब. मोजणी परत कधी सुरू करताय?"

"मोजणी संपली. का?"

"का म्हणजे? तुमची माणसं गेली आणि माझा धंदा बसला. रोजच्या पन्नास सिगारेटी गेल्या माझ्या. सोन्यासारखी माणसं हो! दर तासाला यायची. तिकडची पण इकडे यायची."

"तिकडची म्हणजे?"

"इस्पितळाच्या रस्त्यावरची. तिथे ओढायची बंदी होती म्हणे त्यांना. कुठल्या तरी शहाण्याने नियम काढला होता."

मी बाकावर बसलो. तुटलेल्या पायाच्या बाजूला बसलो, हे बसल्यावर कळलं.

दुकानदाराने बोटांवर हिशेब दिला. अकरापैकी सात प्रगणक सिगारेट ओढणारे होते. दिवसाला सरासरी सात. साती साते एकोणपन्नास, आणि दुकानदारालाही त्यांच्या संगतीने एखादी. माझ्या चौदाव्या नियमाने सातही जणांना गोळा करून छापखान्याच्या रस्त्यावर आणून उभं केलं होतं, आणि मी त्यांच्या धुराला 'परिसरातील वाढता कल' असं नाव दिलं होतं.

तरीही एक आशा होती. आमच्या प्रगणकांतला सगळ्यात वयस्कर पूर्वी टायपिस्ट होता. मी त्याला त्याच्या घरी गाठलं.

"तुम्ही स्वतः घेतलेल्या सिगारेटी वहीत धरल्या नसतील ना?"

तो दुखावला. "असं कसं साहेब? नियम तीन. 'विकली गेलेली प्रत्येक सिगारेट नोंदवावी.' मी माझ्या प्रत्येक सिगारेटची रेघ ओढलीय. कधीकधी तर आधी रेघ ओढायचो आणि मग सिगारेट. एकदा रेघ ओढली आणि दुकानातला माल संपला, तर समोरच्या गल्लीतून आणून इथे उभं राहून ओढली. वही खोटी पडायला नको."

असा प्रामाणिक माणूस मी आयुष्यात पाहिला नाही, आणि त्या वेळी मला त्याचा गळा धरावासा वाटत होता.

मी संचालकांकडे गेलो. आमचे संचालक सज्जन आहेत. त्यांना फक्त अवघड प्रसंग आवडत नाहीत.

"सर, अहवालात चूक आहे. आकडा शून्य आहे. बोर्डाने काहीही झालेलं नाही."

"छपाईची चूक?"

"नाही, विचाराची."

त्यांनी खण उघडला, बराच वेळ कागद चाळले आणि बंद केला. "शुद्धिपत्राचा फॉर्म आहे. त्यात छपाईची चूक, नावाची चूक आणि पानाची चूक असे तीन चौकोन आहेत. विचाराच्या चुकीला चौकोन नाही."

"मग नवीन चौकोन करू या."

"फॉर्म खात्याचा आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी इमारतीचा एक खांब हलवायला सांगितला होता.

मी खात्यात गेलो. तिथे पहिल्या दिवशी उपसचिव बाई दौऱ्यावर होत्या. दुसऱ्या दिवशी त्या होत्या, पण माझी फाईल दौऱ्यावर होती. तिसऱ्या दिवशी दोघी भेटल्या. उपसचिव बाई फार गोड बोलतात. त्यांनी मला खिडकीतून मागचं आवार दाखवलं. आवारात भिंतीला टेकवून बोर्डच बोर्ड उभे होते. प्रत्येकावर तीच दोन फुफ्फुसं, आणि खाली हातभर अक्षरांत : 'ह्या फलकामुळे सिगारेटसेवनात ३१ टक्के घट!'

"चारशे आहेत," त्या कौतुकाने म्हणाल्या.

"बाई, तो आकडा खोटा आहे. माझ्याच माणसांनी ओढलेल्या सिगारेटी आहेत त्या."

"तुम्ही फार विनम्र आहात."

"मी विनम्र नाही. मी चुकलोय."

"तेच ते. पण बघा ना, रंग वाळलाय." त्यांनी खिडकी लावून घेतली. "तरी तुमचं समाधान व्हावं म्हणून मी हे समितीपुढे ठेवते. समितीत सगळे अभ्यासू लोक आहेत."

समितीत पाच अभ्यासू लोक होते. मी सगळं सांगितलं. सात प्रगणक, चौदावा नियम, टायपिस्टची रेघ. खोली सहामधली बेचाळीस माणसं सांगितली. ड्रायव्हर तोवर एकतिसाव्या दिवसावर आला होता, तोही सांगितला. हा एकतीस खरा आहे, हेही म्हणालो. बोलताना माझा आवाज चढला, एकदा टेबलावर हात आपटला गेला, आणि पाण्याचा ग्लास अध्यक्षांच्या कागदांवर कलंडला. मला वाटलं, आता तरी काही होईल. अध्यक्षांनी कागद झटकले आणि म्हणाले, "अतिशय प्रांजळ निवेदन." पाचही जणांनी टाळ्या वाजवल्या.

मग समितीतले एक प्राध्यापक, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि माझ्यापेक्षा हुशार, म्हणाले, "सरांचा मुद्दा मान्य. बोर्डाचा परिणाम शंकास्पद आहे. पण केंद्राचा परिणाम तरी कोणी मोजलाय का?"

"माणसं सुटतात तिथे! नावानिशी दाखवतो."

"सर, तुम्हीच शिकवलंत आम्हाला." हा माझा विद्यार्थी होता, हे मी सांगायचं राहिलं. "नाव म्हणजे पुरावा नव्हे. ती माणसं केंद्राशिवायही सुटली असती की नाही, हे कसं कळणार?"

"कसं कळणार?" अध्यक्षांनी विचारलं.

"केंद्र बंद करून बघायचं."

खोलीत समाधानाची एक शांतता पसरली. मला ती ओळखीची होती. एखादा प्रश्न आपल्या हातून सुटून दुसऱ्याच्या गळ्यात पडला, की अशी पसरते. ठराव झाला. केंद्र ठरल्याप्रमाणेच बंद होईल; मात्र ते आता काटकसर म्हणून नाही, शास्त्र म्हणून बंद होईल. मुदत दोन वर्षं. अभ्यासप्रमुख म्हणून एकमताने माझं नाव. उपसचिव बाई जिन्यात मला म्हणाल्या, "बघा, म्हणत होते ना मी? तुमचं ऐकलं की नाही?"

ताईला फोन करायचा धीर झाला नाही. मी निरोप लिहून पाठवला : 'प्रयत्न केला. उलट झालं.' तिचं उत्तर आलं : 'शाळेपासून तसंच आहे तुझं.'

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी राजीनामा लिहिला. अडीच पानं. आयुष्यात पहिल्यांदा मी तळटीप न देता काही लिहिलं. 'ज्या संस्थेत खोटा आकडा वाळू शकतो आणि खरा माणूस मोजता येत नाही,' अशी त्याची सुरुवात होती. मला स्वतःला ती फार आवडली. संचालकांना देण्याआधी ताईला वाचून दाखवावा म्हणून मी तो खिशात घातला आणि दुपारी तीनच्या सुमारास इस्पितळाच्या मागच्या बाजूला गेलो.

खोली सहाचं दार सताड उघडं होतं. आत खुर्च्यांच्या जागी फुफ्फुसं लागली होती, एकावर एक, छतापर्यंत. समोरच्या अंगणात चारशेपैकी पहिला बोर्ड उभा केला होता. तिथून कोणी जात-येत नाही, मागे फक्त कपडे धुण्याची खोली आहे. पण कोठार जवळ, म्हणून ठेकेदाराने पहिला तिथेच गाडला.

बोर्डाच्या सावलीत दोन बाकं होती. ताई एका बाकावर वही घेऊन बसली होती. तिच्यासमोर दहा-बारा माणसं, कोणी बाकावर, कोणी विटांवर. मंगळवार होता.

"ये," ती म्हणाली. "हा ड्रायव्हर. एकेचाळिसावा."

ड्रायव्हर जाडजूड, मिशीवाला माणूस होता. त्याच्या हातात एक पेन्सिल होती आणि तिचा अर्धा भाग त्याने चावून संपवला होता. "तुम्हीच ते एकतीस टक्के?" त्याने विचारलं.

"मीच."

"मी तुमच्या पुढे गेलो," तो म्हणाला, आणि पेन्सिल परत तोंडात घातली.

"आणि हे दोघं नवीन," ताईने विटांवरच्या दोघांकडे मान हलवली. "आज बोर्डामागे काडी पेटवायला आले होते. वारं लागत नाही ना तिथे. मी म्हटलं, आलाच आहात तर पाच मिनिटं बसा. तासभर झाला, बसलेत. म्हणजे चव्वेचाळीस झाले."

मी त्या दोघांकडे बघितलं, मग वर बोर्डाकडे. बोर्डामुळे दोन माणसं. हे कुठल्या चौकोनात बसवायचं, असा विचार सवयीने माझ्या डोक्यात आला आणि मी तो हाकलून लावला.

"ताई, तुला कोणी उठवलं नाही इथून?"

"उठवायचं तर खोली लागते. त्यांनी खोली बंद केलीय. अंगणाचं पत्रात काही लिहिलेलं नाही."

"ऊन-पावसात किती दिवस बसशील अशी?"

"ते तू मोज. दोन वर्षांचा अभ्यास तुझ्याकडे आहे ना?"

हे मला लागलं. मी खिशातून राजीनामा काढला. "मोजणार नाही. सोडतोय मी. ऐक." आणि मी सगळ्यांसमोर अडीचही पानं वाचली. मधेच ड्रायव्हर पेन्सिल चावायचा थांबला. खोटा आकडा, खरा माणूस, संचालकांचा चौकोन, वाळलेला रंग, सगळं आलं. शेवटच्या ओळीत मी माझ्या चौतीस वर्षांच्या कामाची क्षमा मागितली होती. वाचून संपवलं आणि कागदाची घडी घातली. विटांवरच्या एकाने हळूच नाक ओढलं.

ताईने डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, रडतेय.

"चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली. "ते दे कधी द्यायचं तेव्हा. पण त्याआधी, अजून तिथे नोकरीला आहेस तोवर, त्या ठेकेदाराला सांगून हा बोर्ड दीड हात खाली घ्यायला लाव. तीननंतर ऊन बोर्डाखालून थेट डोळ्यांवर येतं."